पाय मोडका ‘ब’

‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यातून चालताना हा घोष ऐकला नाही, असा माणूस विरळा. आवाज खणखणीत असतो, ताल पक्का असतो आणि मांजराचा अर्थही कळलेला असतो. यात वाचन मात्र झालेले नसते. सी, ए आणि टी ही तीन नावे कितीही भरभर म्हणा, त्यांतून ‘सीएटी’ तयार होते, ‘कॅट’ होत नाही. मूल तो शब्द चित्रासारखा पाठ करते, आणि पुढच्या पानावर सी-ए-पी आले की बाईंच्या तोंडाकडे बघू लागते.

असे का होते, याचे उत्तर मुलाच्या मराठीत आहे. मराठीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज एकच. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. म्हणून मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलाला नाव वेगळे, आवाज वेगळा असे काही असते हे ठाऊकच नसते. इंग्रजीत मात्र ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेच नाही. ‘डब्ल्यू’च्या नावात ‘व’चा पत्ता नाही. ‘सी’ नावाचे अक्षर बहुतेक वेळा ‘क्’ असा आवाज देते. मुलाला आपण आधी २६ नावे पाठ करायला लावतो आणि वाचताना ती विसरायला सांगतो. तेही तोंडाने न सांगता, त्याचे त्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवून.

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोकणातले वेळणेश्वर आहे. गुहागरच्या दक्षिणेला, हेदवीच्या अलीकडे, शंकराच्या देवळापुढे पसरलेली पुळण आणि मागे नारळी-पोफळींच्या वाड्या. या परिसरातल्या मुलांची भाषा पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे. कुणाच्या घरी संगमेश्वरी वळणाची बोली, खारव्यांच्या घरात आणखी निराळी, मुसलमान मोहल्ल्यात दालदी. तिथली मुले कुराणासाठी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपीही शिकतात. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल शाळेत ‘पाणी’ वाचते, म्हणजे पहिलीत पाऊल टाकतानाच त्याचा एक भाषाबदल झालेला असतो. इंग्रजी ही त्याची दुसरी नव्हे, खरे तर तिसरी पायरी. आणि याच गावात ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून उभे आहे. गावातल्या लहान मुलाची शाळा आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकवणारे ते महाविद्यालय यांच्यात रस्त्याने फारसे अंतर नाही. मधे उभी आहे ती इंग्रजी वाचण्याची पायरी.

पूर्वी ही पायरी उशिरा यायची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मराठी चौथी झाली की ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई. पुढे कित्येक वर्षे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होते. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालच्या जूनपासून, ते पहिलीत आले. त्यावर तेव्हा खूप वाद झाला, आणि त्यात इंग्रजी कधी सुरू करायचे एवढ्यावरच सगळी शक्ती खर्च झाली. ते वाचायला कसे शिकवायचे हा प्रश्न मागे राहिला, आणि मला तोच मोठा वाटतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चारांपैकी एकाच मुलाला सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आठवीतही हे प्रमाण निम्म्याच्या आत राहिले. मुले मंद असती तर त्यांना मराठीही आले नसते. तेव्हा दोष मुलांत शोधण्यात अर्थ नाही.

इंग्रजीची लिपी दिसते सोपी. अक्षरे २६ आणि त्यांची मोठी-छोटी रूपे. मराठीत बाराखड्या धरल्या तर चारशेच्या पुढे आकार होतात. पण मराठीतला चढ चढून गेले की पुढे सपाटी असते. बाराखडी आणि जोडाक्षरे आलेले मूल कधी न ऐकलेला शब्दही वाचून दाखवते. इंग्रजीत चढ सुरुवातीला दिसत नाही, तो पुढे सतत लागत राहतो. चव्वेचाळीसच्या आसपास आवाज आणि अक्षरे २६, त्यामुळे एकेका अक्षराला अनेक कामे करावी लागतात. फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधली पहिलीची मुले तपासली. फिनिश मुले वर्षअखेर ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. इंग्रजी ही ज्यांची घरचीच भाषा, त्या स्कॉटलंडमधल्या मुलांना शंभरातले चौतीसच वाचता आले. ज्यांना इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळते त्यांनाही इतका वेळ लागतो, तर खारवीवाडीतल्या मुलीला लागला तर तिच्यावर रागवायचे कशाला?

इंग्रजी स्पेलिंग असे वाकडे का झाले, हे मुलांना गोष्टीसारखे सांगता येते. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, आणि पुढच्या काळात शब्दांची लिखित रूपे हळूहळू गोठत गेली. उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’मधला सुरुवातीचा ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात असे. आपल्याकडेही असे होतेच. जुन्या पत्रांत ‘नांव’, ‘पांच’ असे टिंब दिलेले आढळते. ते उच्चारात नसे, फक्त लिहायचे म्हणून लिहायचे. १९६२ च्या लेखननियमांनी ती टिंबे काढून टाकली. इंग्रजीला असे नियम ठरवणारे महामंडळ कधी लाभले नाही, म्हणून तिची जुनी टिंबे अजून जागच्या जागी आहेत. एवढे कळले की मुलांची स्पेलिंगची भीती बरीच निवळते. भाषा लहरी वाटत नाही, जुनी वाटते.

आता मला जे मुख्य म्हणायचे आहे ते. मराठी वाचणाऱ्या मुलाकडे इंग्रजी वाचण्यासाठी लागणारी हत्यारे आधीच असतात. आपण ती बाजूला ठेवायला लावतो आणि त्याला रिकाम्या हाताने इंग्रजीकडे पाठवतो.

‘बी’ या अक्षराचा आवाज कोणता? बहुतेक वर्गांत उत्तर येते, ‘ब’. इथेच गाडी अडते, कारण ‘ब’मध्ये ‘अ’ दडलेला आहे. ब, ॲ, ट असे जोडायला गेले तर ‘बअॲटअ’ असे काहीतरी होते. खरा आवाज आहे पाय मोडका ब्. इंग्रज शिक्षिकांना त्यांच्या मुलांना हा सुटा आवाज समजावताना फार खटपट करावी लागते. त्यांच्याकडे तो लिहून दाखवायला चिन्हच नाही. आपल्याकडे आहे. जोडाक्षरे शिकलेल्या मुलाला ‘अक्षराचा पाय मोडणे’ म्हणजे काय हे पक्के माहीत असते. फळ्यावर इंग्रजी ‘बी’खाली ‘ब्’ लिहा, ‘टी’खाली ‘ट्’ लिहा, मधल्या ‘ए’खाली ‘ॲ’ लिहा. ब् आणि ॲ मिळून बॅ, पुढे ट्. मूल स्वतःच ‘बॅट’ म्हणते. शेवटचा ट् आपण मराठीत पूर्ण लिहितो पण बोलतो पाय मोडकाच; ‘घर’ आपण ‘घर्’ असेच म्हणतो. हे गुपित त्याला कुणी न सांगता कळलेले असते. ॲ आणि ऑ तर आता आपल्या वर्णमालेतच आहेत. २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना तिथे जागा दिली.

एका अक्षराला दोन आवाज कसे, असे मुले ‘सी’बद्दल आणि ‘जी’बद्दल विचारतात. त्यांना ‘जग’ हा शब्द वाचायला द्यावा. सारे जग आणि शंभर वर्षे जग: लिहिताना एकच, म्हणताना दोन. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ही असेच. कोणता उच्चार करायचा हे आपण वाक्याच्या ओघात ठरवतो. म्हणजे संदर्भ पाहून आवाज निवडायची सवय मराठी मुलाला जन्मापासून आहे. फक्त, आपल्याला ती आहे हे त्याला दाखवून द्यावे लागते.

तसेच शेवटच्या मुक्या ‘ई’चे. ‘कॅप’च्या शेवटी ते अक्षर लावले की ‘केप’ होते, ‘पिन’ला लावले की ‘पाइन’. चिन्ह शब्दाच्या टोकाला आणि परिणाम मधल्या स्वरावर, हे पहिल्यांदा विचित्र वाटते. पण आपली पहिली वेलांटी पाहा. ‘कि’ लिहिताना ती डाव्या हाताला, क च्या आधी बसते, आणि उच्चारताना क् च्या नंतर येते. चिन्ह एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, हा खेळ मुलाने पहिलीतच जिंकलेला असतो.

बाराखडीचा उपयोग तर मला सगळ्यात गोड वाटतो. बाराखडीत डोके तेच राहते आणि शेपूट बदलते: का, कि, की, कु. इंग्रजी शिकवताना ती उलटी करायची. शेपूट ‘ॲट’ तेच ठेवायचे आणि डोके बदलायचे: बॅट, कॅट, मॅट, रॅट, हॅट. एक शेपूट आले की सहा-सात शब्द हाती लागतात. हे शेपूट म्हणजे यमक, आणि यमकाचा कान कोकणातल्या मुलाला शिकवावा लागत नाही. गणपतीत अंगणात जाखडी नाचते तेव्हा शक्ती-तुऱ्याची यमके रात्रभर त्याच्या कानांवर पडत असतात.

आणखी एक हत्यार आहे, ते मुले शिक्षकांपासून लपवून वापरतात: ‘च’ची भाषा. ‘किनारा’चा ‘चिनाराक’ होतो, ‘पुस्तक’चे ‘चुस्तकप’. यात काय घडते ते नीट पाहा. ‘कि’मधला क् निघून शेवटी गेला आणि इकार मागे राहून ‘च’ला चिकटला. व्यंजन आणि स्वर एकमेकांपासून सोडवण्याचे जे कौशल्य इंग्रजी वाचनाचा पाया मानले जाते, तेच ही मुले सुपारीच्या वाडीत खेळता खेळता, डोळ्याचे पाते लवायच्या आत दाखवतात. त्या भाषेला वर्गात दहा मिनिटे जागा द्यायला काय हरकत आहे?

खरी अडचण येते ती मोजक्या ठिकाणी. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांना आपल्याकडे एकच ‘व’ आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक आपण लिहिताना पाळतो, पण कान तो सहसा टिपत नाही. यासाठी तोंडी सराव हवा, पुस्तक नंतर. उलट, ‘स्त्री’ म्हणणाऱ्या जिभेला ‘स्ट्रीट’ जड जात नाही.

अक्षरे कोणत्या क्रमाने घ्यायची? ए, बी, सी, डी हा क्रम शब्दकोशात शोधाशोध करण्यासाठी आहे, वाचायला शिकण्यासाठी नाही. आपल्या जुन्या शिक्षकांना हे मराठीपुरते कळले होते. म्हणून तर ‘क ख ग घ’च्या आधी ‘ग म भ न’ गिरवून घ्यायचे आणि ‘गमभन’ हाच शब्द अक्षरओळखीचे दुसरे नाव झाला. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक, अमेरिकेतून येऊन भारतीय झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवताना हाच धागा पुढे नेला: सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट पाहायची नाही, थोडी अक्षरे आणि स्वरचिन्हे घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला लावायचे. ब्रिटनमधल्या जॉली फोनिक्स या पद्धतीत पहिली सहा अक्षरे एस, ए, टी, आय, पी, एन अशी आहेत. त्यांतून सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप, सिट, पॅन असे शब्द पहिल्या पंधरवड्यातच वाचता येतात. हे इंग्रजीचे गमभन. त्यातले पहिले आणि तिसरे अक्षर मुलांच्या तोंडी आधीपासून आहे. गुहागरची ‘एस्टी’ आली म्हणताना ती दोन इंग्रजी अक्षरांची नावे घेतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

इथपर्यंत झाले ते उकलणे, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचणे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: वाचन म्हणजे उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. घोषाने शिकलेल्या मुलाची उकल शून्याजवळ असते. उलट, महागड्या शाळेतले एखादे मूल पान धडाधड म्हणून दाखवते, पालक सुखावतात, आणि ‘यात काय झालं रे?’ विचारले की ते गप्प होते. त्याची दुसरी बाजू शून्य आहे. शहराजवळच्या अशा एका वर्गात मी बसलो आहे. मुलीने अख्खा धडा न अडखळता वाचला, आणि त्यातला मुलगा रडत का होता हे तिला सांगता आले नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाच्या नुसत्या खणखणीत वाचनावर विश्वास ठेवत नाही.

समज येते कानातून. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो अक्षरे जुळवून म्हटला तरी आत काहीच उजळत नाही. म्हणून पहिली-दुसरीत इंग्रजी मुख्यतः ऐकायचे, बोलायचे, खेळायचे. आणि वाचनाचा भर, माझ्या मते, मराठी वाचन हाती लागल्यावर. याला आधार आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले की घरच्या भाषेत मिळवलेले वाचनाचे कसब दुसऱ्या भाषेत उतरते. वरून दोन वाटणाऱ्या भाषा खाली एकाच साठ्यातून पाणी पितात. डायान ऑगस्ट आणि टिमोथी शनाहन यांच्या संपादनाखाली २००६ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अहवालाचा निष्कर्षही याच दिशेचा होता: अक्षर-ध्वनीचे पद्धतशीर शिक्षण दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांनाही लाभते, पण तोंडी भाषा पक्की नसेल तर ते अपुरे पडते, आणि घरच्या भाषेतली साक्षरता मदतच करते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगते. मराठीचा तास कापून इंग्रजीला देणारी शाळा इंग्रजीचेच नुकसान करते.

पण ज्या गावात इंग्रजी कानावर पडत नाही तिथे ती ऐकवायची कशी? याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर फिजी बेटांवरून आले आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे चित्रमय पुस्तके नेऊन ठेवली. घरची भाषा वेगळी, शिक्षकांचेही इंग्रजी बेताचे. काही वर्गांत मुले रोज गुपचूप वाचत, काहींत शिक्षक मोठ्या अक्षरांचे पुस्तक सगळ्यांपुढे धरून ओळीखाली बोट फिरवत वाचत, थांबत, मुलांना पुढे काय होईल ते विचारत. आठ महिन्यांनी तपासले तेव्हा वाचनात आणि ऐकून समजण्यात या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. १९८३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट ही की शिक्षकाचे इंग्रजी साहेबी असण्याची गरज पडली नाही. पुस्तके हवी होती आणि रोजचा वेळ हवा होता. आपल्याकडे आता पुस्तकांची सबबही राहिलेली नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हरवर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात. तीच गोष्ट आधी मराठीत ऐकलेले मूल इंग्रजी पान उघडते तेव्हा अर्थ त्याच्याजवळ आधीच असतो, अक्षरांशीच काय ती झटापट उरते.

पुस्तक घरचेही करता येते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलांच्याच तोंडचे शब्द कागदावर लिहून त्यांना पहिला धडा म्हणून देत. ‘टीचर’ या १९६३ च्या पुस्तकात त्यांनी ते लिहून ठेवले आहे. वेळणेश्वरच्या मुलाजवळ असे शब्द भरपूर आहेत: बोट, जेटी, इंजिन, डिझेल, नेट, टुरिस्ट, रूम. गावातल्या प्रत्येक गाडीच्या पाटीवर एम, एच आणि ०८ लिहिलेले तो रोज बघतो. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसणाऱ्या शाळेत थोरल्यांनी चित्र काढावे, धाकट्यांनी शब्द सांगावेत, बाईंनी ते मोठ्या ड्रॉइंग पेपरावर लिहावेत. तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते, तिच्यावर आठ पाने सहज होतील. पहिल्या पानावर ‘द बोट इज हिअर’. दुसऱ्यावर ‘द बोट इज बिग’. बाई वाचू लागतात, त्यांचे बोट ओळीखालून सरकते, आणि पुढे बसलेली एक मुलगी ओरडते, ‘बाई, तुमचं बोट बोटीवर आलं!’